पैसा पोरांचा, वकील कोणाचा?

राजश्री संपादक यांस,

गांवगाड्यांत पूर्वीं बलुत्याची चाल होती. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट हे साऱ्या गांवाच्या खळ्यावरून धान्य नेत आणि साऱ्या गांवाचें काम करीत. पाटलाच्या खळ्यावरून चार पायल्या जास्त मिळाल्या म्हणून गरीब कुणब्याचें औत दुरुस्त करण्यास सुतार नाहीं म्हणूं शकत नसे. त्या चालींत जुलूमही पुष्कळ होता, तें आज सांगत बसत नाहीं; परंतु खळें सर्वांचें म्हणून कारागीरही सर्वांचा, हा हिशेब आमच्या हाडींमाशीं असा मुरला आहे कीं, आज घरांत वकील आला तरी आम्ही त्याला त्याच मापानें मोजतों. वकिलाची फी घरच्या सामाईक पैशांतून गेली, तेव्हां वकील साऱ्या घराचा, असें समजून चालतों. हा समज साफ खोटा आहे. तो खोटा आहे हें वकिलाला पक्कें ठाऊक असतें, ट्रस्टीला बहुतेक ठाऊक असतें, आणि ज्यांच्या पैशांतून फी गेली त्या विधवेला व पोरांना मात्र तें कोणी सांगत नाहीं. म्हणून हें लिहिणें.

शेतकरी बंधुभगिनींनो, घरचा ट्रस्ट ही चीज पूर्वीं मुंबईच्या शेटसावकारांच्या पेढींत असे. आतां ती आमच्या उंबऱ्याशीं आली आहे. रस्त्यांस, धरणांस, कारखान्यांस जमिनी गेल्या. २०१३ सालचा भूसंपादनाचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून चालू झाला. त्यांत मोबदल्याच्या रकमेवर आणखी तितकीच रक्कम दिलासा म्हणून धरली जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तो दहा जिल्ह्यांतून गेला. ज्या घरांनीं लाख रुपये एका ठिकाणीं कधीं पाहिले नव्हते तेथें बँकेच्या पुस्तकांत मोठाले आंकडे चढले. आणि जेथें पैसा आला तेथें मागोमाग कागद आला.

आतां असें एक घर डोळ्यांपुढें आणा. आजा थकलेला. धाकटा मुलगा वारलेला. त्याची बायको तिशींतली, पदरीं दोन लहान पोरें. थोरला मुलगा कर्ता. आजा म्हणतो, माझ्यामागें ह्या पोरांचें हाल होऊं नयेत. म्हणून मोबदल्याची अर्धी रक्कम व राहिलेली चार एकर बागाईत तो ट्रस्टांत घालतो. पोरें मोठीं होईपर्यंत उत्पन्नांतून त्यांचें शिक्षण व त्यांच्या आईचें पोट चालावें, पुढें मिळकत पोरांना द्यावी, असा दस्त होतो. ट्रस्टी कोण? थोरला मुलगा, पोरांचा चुलता. ह्यांत आजाचें चुकलें कांहीं नाहीं. चुलता वाईटच असतो असेंही माझें म्हणणें नाहीं. पुष्कळ चुलत्यांनीं स्वतःचीं पोरें मागें ठेवून पुतण्यांना शिकविलें आहे. पण दस्त झाला त्या दिवशीं चुलत्याबरोबर तालुक्याहून एक वकील येतो, ओसरीवर चहा घेतो, सुनेला ताई म्हणतो, पोरांच्या पाठीवर हात फिरवितो, आणि त्या दिवसापासून सारें घर त्याला आपले वकीलसाहेब म्हणूं लागतें. येथेंच मेख आहे.

तो आपला म्हणजे नेमका कोणाचा? कोणी म्हणेल ट्रस्टाचा. हें उत्तर ऐकण्यास बरें वाटतें, पण तें उत्तरच नव्हे. घरच्या खाजगी ट्रस्टाला १८८२ सालचा इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट लागतो. त्याच्या तिसऱ्या कलमांत ट्रस्ट म्हणजे काय तें सांगितलें आहे: मिळकतीच्या मालकीला चिकटलेलें एक बंधन, मालकानें दुसऱ्याच्या भल्यासाठीं पाळण्याचें. बंधन म्हणजे कांहीं माणूस नव्हे. कंपनी कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति असते, तिच्या नांवानें वकील देतां येतो. घरच्या ट्रस्टाला तसें स्वतःचें तोंड नाहीं, हात नाहीं, सही नाहीं. सही ट्रस्टी करतो. वकीलपत्र काढून पाहा. त्याखालीं चुलत्याची सही आहे, सुनेची नाहीं, पोरांची नाहीं. ज्याची सही त्याचा वकील. ट्रस्टाचा वकील ही बोलण्याची एक पद्धत आहे, आणि ती पद्धत ज्याच्या सोईची आहे तोच ती वापरतो.

वकिलाचा धर्मही तेंच सांगतो. १९६१ च्या वकिलांच्या कायद्याखालीं बार कौन्सिल ऑफ इंडियानें जे नियम केले आहेत त्यांप्रमाणें वकिलानें आपल्या पक्षकाराचें हित निर्भयपणें सांभाळावें, पक्षकार किंवा त्याचा मुखत्यार यांखेरीज दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून काम करूं नये, आणि ज्याला एका कामांत सल्ला दिला त्याच्या उलट बाजूनें त्याच कामांत उभें राहूं नये. पक्षकारानें जें विश्वासानें सांगितलें तें त्याच्या संमतीवांचून वकिलानें बाहेर बोलूं नये, असें पुराव्याचा कायदाही म्हणतो. पूर्वीं तें १८७२ च्या कायद्यांत होतें, आतां १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमांत आहे. गुन्हा किंवा लबाडी करण्यासाठीं झालेलें बोलणें तेवढें त्यांतून वगळलें आहे. तेव्हां सुनेनें ओसरीवर वकीलसाहेबांना विश्वासानें सांगितलेली गोष्ट उद्यां चुलत्याच्या कानीं जाईल, आणि चुलत्यानें सांगितलेली सुनेच्या कानीं येणार नाहीं. तो वकील येथें बेइमानी करीत नाहीं. तो आपल्या पक्षकाराशीं इमान राखतो. तुम्ही त्याचे पक्षकार नाहीं, एवढीच गोष्ट तुम्हांला कोणी सांगितली नव्हती.

आमच्यांत म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ह्या धंद्यांत पोळी पोरांची आणि टाळी चुलत्याची. हें ऐकून कोणासही संताप येईल, आणि येण्यासारखेंच आहे. फी पोरांच्या मिळकतींतून जाते, कारण त्याच कायद्याचें ३२ वें कलम ट्रस्टीला ट्रस्टाच्या कामाचा योग्य खर्च ट्रस्टांतून घेऊं देतें. मग पैसा देणाराला ऐकण्याचा हक्क नको काय?

हा प्रश्न आम्हां खेडवळांनाच पडतो असें नाहीं. अमेरिकेंत टेक्सास म्हणून संस्थान आहे. तेथें एका बापाला त्याच्या मयत बायकोच्या मृत्युपत्रानें तीन मुलींसाठीं केलेल्या ट्रस्टांचा ट्रस्टी नेमलें होतें. पुढें एका मुलीनें बापावर दावा लावला कीं, त्यानें ट्रस्टाची मिळकत आपल्या पैशांत मिसळली व ट्रस्टाच्या फायद्याचे व्यवहार स्वतःकडे वळविले. बापाला ट्रस्टाच्या कामांत वर्षानुवर्षें सल्ला देणारा एकच वकील होता. मुलगी म्हणाली, हा सल्ला माझ्या ट्रस्टासाठीं, माझ्या ट्रस्टाच्या पैशानें घेतला; तेव्हां ह्या वकिलानें मला सांगितलें पाहिजे. १९९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला: वकिलाचा पक्षकार ट्रस्टी, मुलगी नव्हे, फी कोठून गेली ह्यानें पक्षकार बदलत नाहीं. कारण काय दिलें? ट्रस्टीला मोकळेपणानें सल्ला विचारतां आला पाहिजे; आपला प्रत्येक प्रश्न उद्यां आपल्याच विरुद्ध वाचला जाईल ही भीति असली तर तो सल्लाच घेणार नाहीं, आणि त्यांत नुकसान ट्रस्टाचेंच. मात्र त्याच निकालांत दुसरी गोष्टही आहे, ती विसरूं नका. मिळकतीसंबंधीं घडलेली खरी हकीकत ट्रस्टीनें मुलीला सांगितलीच पाहिजे. ती वकिलाला सांगून ठेवली म्हणून गुप्त होत नाहीं. झांकण सल्ल्यावर पडतें, हकीकतीवर पडत नाहीं.

त्याच अमेरिकेंत डेलावेअर म्हणून दुसरें संस्थान आहे, तेथील न्यायालयानें १९७६ सालींच उलट सांगितलें होतें. ट्रस्टींनीं वकिलाकडून एक टिपण करून घेतलें होतें व त्याचा खर्च ट्रस्टांतून दिला होता. ज्यांच्यासाठीं ट्रस्ट होता त्यांनीं तें मागितलें. न्यायालय म्हणालें, हें टिपण ट्रस्टाच्या भल्यासाठीं, ट्रस्टाच्या खर्चानें झालें, ह्याचे खरे धनी हेच लोक, दाखवा त्यांना. म्हणजे एकाच देशांत दोन न्यायालयें, दोन तऱ्हा. ज्यांना वाटतें कीं कायदा म्हणजे आकाशांतून पडलेली शिळा, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

ह्या दोहोंच्या कितीतरी आधीं, १८६५ सालीं, इंग्लंडांतील न्यायालयानें एका मुकदम्यांत दोन अभिप्राय वेगळे केले होते. ट्रस्टींनीं पहिला अभिप्राय घेतला तो ट्रस्टाचा अधिकार कसा वापरावा हें समजण्यासाठीं. दुसरा घेतला तो आपल्यावर दावा झाल्यावर, स्वतःचा बचाव कसा करावा ह्यासाठीं. न्यायालयानें पहिला दाखविण्यास लावलें, दुसरा नाहीं. एका वहींतलीं दोन पानें, पण एक पान घरचें आणि एक पान ट्रस्टीच्या खाजगीचें.

आतां आमच्या कायद्याकडे या. वरील गोष्ट सांगण्यास आमच्या वकिलांना लाज वाटत असेल किंवा फुरसत नसेल, पण इंडियन ट्रस्ट्स ॲक्टाचें ५७ वें कलम आज सव्वाशें वर्षांहून अधिक काळ कागदावर आहे. त्याप्रमाणें हिताधिकाऱ्याला, म्हणजे ज्याच्या भल्यासाठीं ट्रस्ट केला त्याला, ट्रस्टीकडून पुढील गोष्टी पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा हक्क आहे: ट्रस्टाचा दस्त, केवळ ट्रस्टाच्याच मिळकतीचे असलेले मालकीचे कागद, हिशेब, हिशेबाच्या पावत्या, आणि, येथें कान द्या, ट्रस्टीनें आपलें कर्तव्य बजावण्यास मार्गदर्शन म्हणून वकिलापुढें मांडलेले प्रश्न व त्यांवर घेतलेले अभिप्राय. इंग्लंडच्या न्यायालयाला जें निकालानें सांगावें लागलें, डेलावेअर व टेक्साससारखीं संस्थानें ज्यावर अजून दोन तोंडांनीं बोलतात, तें आमच्याकडे कायद्याच्या कलमांत लिहिलेलें आहे. आणि १९ वें कलम सांगतें कीं, ट्रस्टीनें हिशेब स्वच्छ व बरोबर ठेवले पाहिजेत आणि हिताधिकाऱ्यानें मागितल्यावर वाजवी वेळीं मिळकत किती व कोणत्या स्थितींत आहे ह्याची पुरी माहिती दिली पाहिजे.

म्हणजे आमच्या घरापुरता हिशेब असा झाला. वकील चुलत्याचाच. तुम्ही त्याला कांहीं विचारलें व त्यानें, मी आपणांस सांगूं शकत नाहीं, म्हटलें तर तो आपल्या नियमाप्रमाणें बोलला. पण बागाईत खंडानें द्यावी कीं स्वतः करावी, रक्कम कोणत्या बँकेंत ठेवावी, मुलीच्या इंजिनियरीच्या फीसाठीं मूळ रकमेला हात लावतां येतो कीं नाहीं, ह्या गोष्टींवर त्यानें चुलत्याला दिलेला कागद चुलत्यानें तुम्हांला दाखविलाच पाहिजे. वकिलाच्या दारीं जाऊन तो मागूं नका, चुलत्यापाशीं मागा. चुलता म्हणेल, वकिलानें दाखवूं नका असें सांगितलें आहे. तेव्हां विचारा, ५७ वें कलमही वकिलानें सांगितलें काय?

उलट, तुम्ही चुलत्यावर गैरवर्तणुकीचा दावा लावला व त्यावर चुलत्यानें आपल्या बचावासाठीं सल्ला घेतला, तर तो सल्ला त्याचा स्वतःचा. कर्तव्य बजावण्यासाठीं घेतलेला अभिप्राय असे ५७ व्या कलमाचे शब्द आहेत. कर्तव्य चुकल्यावर अंग वांचविण्यासाठीं घेतलेला नव्हे. तो कागद त्यानें खुशाल पेटींत ठेवावा. पण मग त्याची फीही आपल्याच खिशांतून द्यावी! येथेंच आमच्याकडे उघड लूट चालते. चुलता दोषी ठरला तरी वकिलाचीं बिलें पोरांच्या खात्यांतून गेलेलीं असतात, आणि हिशेबाच्या वहींत एकच ओळ असते: कायदेशीर खर्च. ३२ व्या कलमांतला शब्द योग्य खर्च असा आहे. स्वतःची चोरी झांकण्याचा खर्च ट्रस्टाचा योग्य खर्च होऊं शकत नाहीं. म्हणून हिशेब पाहाल तेव्हां कायदेशीर खर्च ह्या ओळीवर बोट ठेवून विचारा: कोणत्या तारखेचें बिल, कोणत्या कामाचें, सल्ला ट्रस्टासाठीं कीं तुमच्यासाठीं? सुताराला आम्ही विचारतोंच ना, हें लांकूड माझ्या दाराचें कीं तुझ्या खाटेचें?

परंतु ह्या सर्वांहून मोठा घात होतो तो सहीनें. शाळामास्तर म्हणून गांवचे लोक कागद वाचून घेण्यास माझ्याकडे आणतात, आणि बहुधा सही झाल्यावर आणतात. ट्रस्टाच्या जमिनीचा कांहीं व्यवहार करावयाचा असतो, किंवा ट्रस्टाची रक्कम चुलत्याच्या धंद्यांत घातलेली असते, आणि वकील एक संमतिपत्र टाईप करून आणतो. सून म्हणते, साहेब, ह्यांत काय आहे? साहेब म्हणतात, कांहीं नाहीं ताई, नेहमींचा कागद आहे. सून सही करते, कारण साहेब घरचे. त्या कागदांत लिहिलेलें असतें कीं, सर्व हकीकत मला समजावून सांगितली, ती मला मान्य आहे, आणि ह्याबद्दल ट्रस्टीवर माझी कसलीही तक्रार नाहीं.

हा कागद कशासाठीं, तें २३ व्या कलमांत पाहावें. ट्रस्टीनें ट्रस्टाचें बंधन मोडलें तर झालेलें नुकसान त्यानें भरून दिलें पाहिजे, असें तें कलम म्हणतें. पण पुढें अपवाद आहे. करार करण्यास लायक असलेल्या हिताधिकाऱ्यानें स्वतः संमति दिली असेल, किंवा मागाहून तें चालवून घेतलें असेल, तर त्याच्यापुरता ट्रस्टी सुटतो. म्हणजे तो नेहमींचा कागद चुलत्याच्या सुटकेचा कागद आहे, आणि तो लिहिणारा चुलत्याचाच वकील आहे. आतां त्याच अपवादाच्या अटी पाहा, कारण त्या कोणी वाचून दाखवीत नाहीं. संमति जबरदस्तीवांचून व दडपणावांचून दिलेली पाहिजे, आणि ती देतांना हिताधिकाऱ्याला घडलेल्या गोष्टीची व ट्रस्टीविरुद्ध असलेल्या आपल्या हक्काची पुरी जाण पाहिजे. ज्या बाईला चुलत्याच्या वकिलाखेरीज दुसऱ्या कोणी कांहीं सांगितलें नाहीं, जिला साहेब आपलेच वाटले, तिला आपल्या हक्काची पुरी जाण होती असें कोणत्या तोंडानें म्हणणार? तेव्हां ज्यांनीं सह्या करून टाकल्या आहेत त्यांनीं डोक्याला हात लावून बसूं नये. सही झाली म्हणजे सारें संपलें असें नाहीं. पण न्यायालयांत जाऊन तें दाखवावें लागतें, आणि त्याला वेळ व पैसा लागतो, हेंही खरें. सही न करणें त्याहून स्वस्त.

अज्ञान पोरांची संमति तर मुळींच चालत नाहीं. अठरा वर्षें पुरीं झाल्याखेरीज करार करण्याची लायकीच येत नाहीं. म्हणून कांहीं हुशार ट्रस्टी थांबतात. पोरगा अठरा वर्षांचा झाला कीं त्याला तालुक्याला नेतात, हॉटेलांत जेवूं घालतात, हातांत नवा मोबाईल देतात आणि फारकतीच्या कागदावर सही घेतात: मला ट्रस्टांतून सर्व कांहीं पोंचलें. कायद्याचें ३५ वें कलम ट्रस्टीला अशी लेखी कबुली मागण्याचा हक्क देतें, नाहीं असें नाहीं, पण केव्हां? त्याचें काम पुरें झाल्यावर, हिशेब तपासून मिटविल्यावर, आणि कोणाचें कांहीं येणें राहिलें नसल्यावर. आधीं हिशेब, मग कबुली. आमच्याकडे आधीं जेवण, मग कबुली, आणि हिशेब कधींच नाहीं.

आतां दोन शब्द ट्रस्टींस. तुमच्यांत जे सरळ आहेत, आणि ते पुष्कळ आहेत, त्यांचाही ह्या घरच्या वकिलाच्या भ्रमानें घात होतो. वकील म्हणाला म्हणून केलें, हें उत्तर कायद्यांत पुरेसें नाहीं. ट्रस्टीनें आपलें कर्तव्य दुसऱ्यावर सोंपवूं नये असें ४७ वें कलम सांगतें; केवळ हातकामापुरता मुखत्यार नेमतां येतो, डोकें आपलेंच चालवावें लागतें. शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या मिळकतीची काळजी घेतो तशी ह्या मिळकतीची घ्यावी, हें १५ वें कलम. मिळकतीच्या कारभाराबद्दल प्रश्न पडला तर ३४ व्या कलमानें जिल्ह्याच्या न्यायालयाकडे साधा अर्ज करून मत विचारतां येतें. त्यासाठीं दावा लावावा लागत नाहीं, आणि न्यायालय योग्य वाटेल त्या हितसंबंधी मंडळींना नोटीस देऊन त्यांच्यासमोर ऐकतें. बंद खोलींतल्या सल्ल्यापेक्षां हा उघडा सल्ला किती बरा! आणि ट्रस्टाची जमीन विकावयाची असेल तर ५२ वें कलम भिंतीवर लिहून ठेवा: विकणाऱ्या ट्रस्टीनें ती स्वतः घेऊं नये, आणि त्या विक्रीसाठीं नेमलेल्या हस्तकानेंही, स्वतःसाठीं किंवा दुसऱ्याच्या वतीनें, उघड किंवा आडून घेऊं नये. विक्रीचें काम पाहणारा वकीलही त्या हस्तकांतच आला. तो गिऱ्हाईक म्हणून आपल्या मेव्हण्याला पुढें करूं लागला तर कुंपण शेत खाऊं लागलें असें समजा.

वकीलवर्गावर माझा राग नाहीं. आमच्याच शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलें मुली आज काळा कोट घालून तालुक्याच्या कोर्टांत उभीं राहतात, ह्याचा मला आनंद आहे. त्यांतलीं दोनचार माझ्या हाताखालीं बाराखडी गिरवून गेलीं. त्यांना माझें विचारणें आहे. ओसरीवर पहिला चहा घ्याल त्याच वेळीं एवढें बोलण्यास काय वेंचतें, कीं ताई, मी तुमच्या दादांचा वकील आहें, तुमचा नव्हे. तुमचें व त्यांचें जेथें पटणार नाहीं तेथें तुम्ही दुसऱ्याला विचारा? हेंच मराठींत चार ओळींचें पत्र लिहून घरांतल्या प्रत्येकाला द्या. पत्र दिल्यानें एक पक्षकार कमी होणार नाहीं. न दिल्यानें फायदा होतो तो एवढाच कीं, समोरचीं माणसें गैरसमजांत राहतात, आणि गैरसमजांत असलेल्याची सही लवकर मिळते. ज्यांना पत्र देण्याची लाज वाटते त्यांनीं ह्या फायद्याला काय नांव द्यावें तें स्वतःच ठरवावें.

आणि हे दस्त इंग्रजींत कशासाठीं? ज्या घरांत आजा अंगठा करतो, सून सातवी शिकलेली, तेथें बारा पानांचा इंग्रजी कागद कोणाच्या सोईसाठीं? मराठींत केलेला दस्त महाराष्ट्रांत नोंदला जात नाहीं काय? जमिनीचा ट्रस्ट मृत्युपत्रानें केला नसेल तर तो लेखी, सही केलेला व नोंदलेला असावा लागतो, असें ५ वें कलम म्हणतें. तो इंग्रजींत असावा असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. परक्या भाषेच्या आड बसून आपल्या लोकांचे निर्णय घेण्याची जुनी खोड नव्या पिढीनें उचलूं नये.

कांहीं मंडळी म्हणतील, मास्तर घराघरांत भांडणें लावतो. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. मी म्हणतों, हिशेब मागणें म्हणजे भांडण नव्हे. दूध घालणाराही डेअरींतून पावती घेतो, म्हणून तो डेअरीचा वैरी झाला काय? भांडण होतें तें वीस वर्षें कोणी कांहीं न विचारल्यामुळें, आणि विचारलें तेव्हां वहीच नसल्यामुळें.

तेव्हां करावें काय? एक सांगून ठेवतों. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत धांवूं नका. तें खातें देवळें, मशिदी, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ट्रस्टांचें, १९५० च्या कायद्याचें. घरच्या ट्रस्टाची तेथें दाद लागत नाहीं. घरच्या ट्रस्टाचा मामला दिवाणी न्यायालयाचा. तेथें जाण्यापूर्वीं ट्रस्टीला साधा अर्ज द्यावा, मराठींत, स्वतःच्या हातानें: मी अमुक ट्रस्टाची हिताधिकारी आहें, इंडियन ट्रस्ट्स ॲक्टाच्या कलम १९ व ५७ प्रमाणें दस्त, मिळकतीचे कागद, सुरुवातीपासूनचे हिशेब व पावत्या, आणि ट्रस्टाच्या कामासाठीं वकिलापुढें मांडलेले प्रश्न व त्यांचे अभिप्राय मला दाखवावे व त्यांच्या नकला माझ्या खर्चानें घेऊं द्याव्या. दोन प्रती काढाव्या, एक स्पीड पोस्टानें पाठवून पोंच जपून ठेवावी. पंधरा दिवस वाट पाहावी. उत्तर चुलत्याऐवजीं त्याच्या वकिलाकडून आलें, तर त्याचाच अर्थ तो वकील कोणाचा हें आतां लेखी मिळालें.

मग स्वतःचा वकील करावा. पैसा नाहीं म्हणून अडूं नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व अपंग यांना उत्पन्न न पाहतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारांतच तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० ह्या नंबरावर फुकट फोन करतां येतो. अर्ज लिहून घेण्यास कोणी नसेल तर गांवच्या शाळेंत यावें; पांच वाजल्यानंतर मास्तर मोकळा असतो.

आपला,
एक शाळामास्तर